शोनर ब्रुन्नन

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील न्यूरेंबर्ग शहराच्या मुख्य बाजारचौकात, हाउप्टमार्क्टमध्ये, असलेले गॉथिक शैलीचे कारंजे. नावाचा अर्थ ‘सुंदर कारंजे’. उंची सुमारे 19 मी. हाइन्रिख बेहाइम या स्थपतीने ते 1385 ते 1396 या काळात उभारले. एखाद्या चर्चचा निमुळता कळस उतरवून जमिनीवर ठेवावा, असा त्याचा घाट आहे. त्यावर रंगवलेल्या आणि सोनेरी मुलामा दिलेल्या 40 मूर्ती चार थरांत बसवल्या आहेत. भोवती नक्षीदार लोखंडी जाळीचे कुंपण आहे. शहर पाहायला येणारे बहुतेक लोक मूर्तींपेक्षा या जाळीपाशीच अधिक रेंगाळतात, कारण तिच्यात जोड न दिसणारी एक सोनेरी कडी अडकवलेली आहे. ती तीनदा फिरवली की मनातली इच्छा पूर्ण होते, अशी समजूत आहे.

या कडीची दंतकथा अशी : कून नावाच्या लोहारकाम करणाऱ्या उस्तादाची मुलगी मार्गारेटे हिच्यावर त्याच्याच हाताखालच्या एका तरुण कारागिराचे प्रेम जडले. गरिबाला मुलगी द्यायला उस्ताद तयार होईना. तो परगावी गेला असताना तरुणाने रात्रीतून जाळीत ही कडी ओवली. जोड कुठेच दिसू नये इतके ते काम सफाईदार होते. मग तो शहर सोडून गेला. परतल्यावर उस्तादाला त्याची खरी योग्यता उमगली, पण तोवर उशीर झाला होता. कथा गोड आहे आणि तिच्यातला कून हा निव्वळ कल्पनेतला माणूसही नाही, कारण आउग्सबुर्गच्या पाउल कूनने 1587 मध्ये येथील जाळी घडवल्याचे ज्ञात आहे. मात्र तेवढ्यानेच कथेचे वय ठरते. कारंजे पुरे झाले त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी जाळी आली. म्हणजे ही कथा जाळीची आहे, कारंज्याची नव्हे, आणि ती कारंज्याची जन्मकथा म्हणून सांगितली की खरी जन्मकथा झाकली जाते.

ती खरी जन्मकथा चौकाच्या जमिनीत आहे. 1349 पूर्वी येथे चौक नव्हता, ज्यू लोकांची वस्ती होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राजा (पुढे सम्राट) चौथा चार्ल्स याने त्यांची घरे पाडून बाजारासाठी मोकळी जागा करण्याची आणि सिनॅगॉगच्या जागी मेरीचे चर्च बांधण्याची परवानगी शहराला दिली. 5 डिसेंबरला कत्तल झाली, किमान 562 ज्यू मारले गेले. सिनॅगॉगच्या जागेवर फ्राउएनकिर्श हे चर्च उभे राहिले आणि मोकळ्या झालेल्या चौकात पुढे हे कारंजे. त्याच्या मूर्ती या पार्श्वभूमीवर पाहाव्या लागतात. तळाशी तत्त्वज्ञान आणि सात विद्या, त्यांच्या वर चार शुभवर्तमानकार आणि चार धर्माचार्य, मग सम्राट निवडण्याचा हक्क असलेले सात इलेक्टर आणि नऊ आदर्श वीर, सर्वांत वर मोझेस आणि सात संदेष्टे. नऊ वीरांपैकी जोशुआ, डेव्हिड आणि ज्यूडास मॅकाबियस हे तिघे ज्यू परंपरेतले, वरचा मोझेसही तिथलाच. ज्यांना या जागेवरून पुसून टाकले त्यांचेच पूर्वज शहराने मानाने उंचावर बसवले. माझ्या मते या कारंज्याविषयी सांगण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

दंतकथेला सनावळीची फूटपट्टी लावू नये, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अर्धा खरा आहे. राजे, विद्वान आणि संदेष्टे यांच्या त्या 40 मूर्तींत हाताने काम करणारा एकही माणूस नाही. ती उणीव लोकांनी कथेतून भरून काढली आणि निनावी कारागिराला चौकात जागा दिली. तेव्हा कथा टाकून द्यावी असे नाही, तिला तिच्या काळात ठेवावे. दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. आजचे कारंजे मूळचे नाहीच. झिजलेल्या वालुकाश्माच्या जागी 1897 ते 1903 या काळात शिंपल्यांच्या चुनखडकात त्याची पूर्ण प्रतिकृती उभारली गेली. मूळ अवशेष जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात (गेर्मानिशेस नॅशनलम्युझियम) आहेत. दुसऱ्या महायुद्धात जुने शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा काँक्रीटच्या आवरणामुळे ही प्रतिकृती वाचली. पण प्रतिकृतीने मूर्तींचा क्रम जपला आणि जागा तर तीच आहे. येथे पुरावा दगडाच्या वयाचा नसून जागेचा आहे, म्हणून या आक्षेपाने मुद्दा ढळत नाही.

ज्यू वस्तीची स्मृती चौकात मुळीच नाही, असेही नाही. फ्राउएनकिर्शच्या गर्भभागातील फरशीत सिनॅगॉगची आठवण म्हणून डेव्हिडचा तारा बसवलेला आहे. मात्र तो पाहायला चर्चच्या आत जावे लागते. बाहेर त्याच चर्चच्या दर्शनी भागावर 1509 मधले घड्याळ आहे, आणि रोज दुपारी बारा वाजता त्यातले सात इलेक्टर चौथ्या चार्ल्सभोवती फिरून त्याला मानवंदना देतात. कत्तलीतल्या माणसांविषयी सांगण्याजोगे काही उरलेच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. न्यूरेंबर्गच्या ज्यू समाजाच्या स्मरणवहीत मारल्या गेलेल्यांची नावे लिहून ठेवलेली आहेत.