भूकंपरोधक घराची पुस्तिका : वाचणार कोण, वापरणार कोण?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हता. माणसे गेली ती प्रामुख्याने स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा जड थर, ही मराठवाड्यातील जुनी बांधणी. भिंतीचा आतला व बाहेरचा असे दोन पदर आणि मधल्या पोकळीत चिपा व माती. हादऱ्याने पदर सुटले, भिंती ढासळल्या. अनेक घरांत लाकडी खांब व तुळया तेवढ्या उभ्या राहिल्या.

अशा भिंतींवरील उपाय तज्ज्ञांना अज्ञात होते असे नव्हे. अभियंत्याविना उभ्या राहणाऱ्या घरांसाठी आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेने १९८६ मध्येच मार्गदर्शिका काढली होती. भारतीय मानक ब्यूरोचे कमी मजबुतीच्या दगडी बांधकामाविषयीचे ‘आयएस १३८२८’ हे मानक १९९३ चेच. त्यातील एक सूचना पाहण्यासारखी आहे. भिंतीच्या दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा अधिक न ठेवता, पूर्ण जाडीइतके लांब दगड घालावेत, असा तिचा आशय.

अभियंत्याला एवढे पुरेसे आहे. त्यावरून तो अंदाजपत्रक करील, कामाची तपासणी करील. गवंड्याचे माप मात्र फुटांचे. दर दोन फूट उंचीवर, चार फुटांच्या आत एक, भिंतीच्या दोन्ही अंगांनी तोंड दिसेल असा दगड, असे सांगितले तरच ते त्याच्या हाती उतरते. शिवाय कारणही सांगावे लागते. अन्यथा लांब दगड फोडून त्याचे दोन दर्शनी दगड करणेच त्याला सोयीचे वाटेल. घरमालकाला तर दगड घालायचाच नाही. गिलाव्यापूर्वी हे आरपार दगड मोजायचे आणि कमी भरल्यास काम थांबवायचे, एवढेच त्याच्या हाती असते. विषय एकच असला तरी तिघांची कामे निराळी, म्हणून मजकूरही निराळा हवा. तिघांसाठी मिळून केलेली पुस्तिका बहुधा तिसऱ्या पानावरच मिटली जाते.

वाचक ठरला तरी हेतू चुकू शकतो, हे दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात दिसले. जागतिक बँकेच्या साह्याने राज्य शासनाने राबविलेल्या पुनर्वसनाचा तो एक भाग होता. जुनी दगडी घरे मजबूत कशी करावीत, हे तंत्र त्यात सांगितले गेले. परंतु ज्यांनी आप्त दगडांखाली गमावले, त्यांचा प्रश्न ‘कसे’ हा नव्हताच. दगडी भिंतीशेजारी पुन्हा निजावे की नाही, हा होता. अनेकांनी मदतीच्या पैशातून विटा-सिमेंटची नवी खोली उभारणे पसंत केले. अशा कुटुंबांना जुन्या भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा नव्या खोलीचा पट्टा कसा ओतावा, याच्या माहितीची गरज होती.

हे अंतर मिटविण्याचे काम कागदाने नव्हे, तर गावातील स्त्रियांनी केले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. शासनाची माहिती घरोघरी नेणे आणि घरच्यांच्या शंका अभियंत्यांपर्यंत पोचविणे, असे त्यांचे दुहेरी काम होते. कोणत्याही तांत्रिक लेखनात ही दुसरी वाट सहसा राहून जाते.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९९३ पूर्वी किल्लारी परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात आला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरांनाही पहाटे घराबाहेर यावे लागले. माळवदाची घरे खेड्यांतून आजही आहेत. गळती थांबावी म्हणून त्यांवर मातीचे थरावर थर चढत जातात आणि छताचा भार वाढतो. जादा माती उतरवून जलरोधक कागद अंथरणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. तो करणार घरचीच माणसे, तीही पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत. तेव्हा ही सूचना अभियंत्याच्या भाषेत पावसाळ्यानंतर पोचली, तर तिचा उपयोग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही.