सोयाबीन : जबलपूरचे बियाणे, इंदूरचे भांडवल

नर्मदा परिक्रमेस निघालेल्या मराठी यात्रेकरूच्या स्मरणात जबलपूर राहते ते ग्वारीघाटामुळे. शहराच्या दुसऱ्या टोकास, अधारताल येथे, १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय त्याच्या वाटेत येत नाही. वस्तुतः लातूर, वाशीम वा अमरावतीच्या शेतीचा इतिहास लिहिताना ह्या संस्थेला वगळता येणार नाही.

साठच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर व जबलपूर येथे विदेशी सोयाबीन वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या. मध्य भारतात ‘कालीतूर’ नावाचे काळ्या दाण्याचे सोयाबीन पूर्वीपासून थोडेफार होतेच. नव्या पिवळ्या वाणांचा प्रसार मात्र झपाट्याने झाला, आणि त्याचे खरे कारण माळव्याच्या पीकपद्धतीत सापडते. तेथील काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून पुढे ओलीवर गहू-हरभरा घेण्याची रीत होती. सुमारे शंभर दिवसांत निघणाऱ्या ह्या पिकाने ती रिकामी जागा घेतली. १९७०च्या सुमारास देशात सोयाबीनखाली जेमतेम ३० हजार हेक्टर क्षेत्र होते. पुढील चार दशकांत ते एक कोटी हेक्टरांच्या घरात गेले. विश्वविद्यालयाच्या सीहोर केंद्रातील ‘जेएस ३३५’ हा वाण १९९४मध्ये प्रसारित झाला. विदर्भ-मराठवाड्यात तो इतका रुळला की बियाणे मागताना नुसते ‘तीनशे पस्तीस’ म्हटले तरी पुरत असे.

संशोधकांची अपेक्षा निराळी होती. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल. तेव्हा डाळीला पूरक असे हे गरिबांचे अन्न ठरेल, असा त्यांचा होरा होता. भारतीय स्वयंपाकघराने त्याला तसा थारा दिला नाही. तेल देशात विकले गेले, आणि द्रावकाने तेल काढल्यावर उरणारी पेंड कोंबड्यांचे खाद्य म्हणून आग्नेय आशियाकडे निघाली. प्रथिनांच्या नावाने आरंभलेल्या संशोधनाची ही परिणती अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

ह्या पेंडीच्या निर्यातीवर जे उद्योग वाढले, त्यांत इंदूरची ‘रुची सोया’ (१९८६) ही अग्रगण्य कंपनी होय. ‘न्यूट्रेला’ सोयावडीने तिला घरोघरी नेले. २०१०मध्ये तिने इथिओपियाच्या गांबेला प्रांतात २५ हजार हेक्टर जमिनीचा करार केला. २०१३च्या सुमारास जपानच्या जे-ऑइल मिल्स व टोयोटा त्सुशो यांच्याशी भागीदारी केली. जपानी भागीदारांकडून तंत्रज्ञान यावयाचे होते, कच्चा माल माळव्याचा. परंतु नव्वदच्या दशकात खाद्यतेलाची आयात खुली झाल्यापासून स्वस्त पामतेलाने देशी गाळपाचे गणित बदलले होते. विस्तार बव्हंशी कर्जावर उभा होता. डिसेंबर २०१७मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा देण्यांचा आकडा नऊ हजार कोटी रुपयांच्या वर होता. दोन वर्षांनी पतंजलीने सुमारे ४,३५० कोटी रुपयांस ती घेतली. सौद्यात कारखान्यांचे आणि ‘न्यूट्रेला’ ह्या नावाचे मोल झाले. ज्या वाणांवर हा सारा डोलारा उभा राहिला ते सार्वजनिक संस्थेचे असल्याने त्यांचे मोल होण्याचा प्रश्नच नव्हता. २०२२मध्ये कंपनीचे नाव ‘पतंजली फूड्स’ झाले.