‘ध’चा ‘मा’ आणि वेबपान : सर्व्हरची माहिती स्क्रिप्टपर्यंत कशी पोहोचली?

१/ मराठीत ‘ध चा मा करणे’ असा वाक्प्रचार आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांची हत्या झाली, ती हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्यामुळे, अशी परंपरागत कथा आहे. कथेच्या सत्यतेविषयी मतभेद आहेत. तिच्यातले भय मात्र खरे आहे. हुकूम लिहिणारा एका ठिकाणी, अमलात आणणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि मधल्या कागदावर एका अक्षराचा फेरफार! वेबपानांच्या इतिहासात हेच भय तीस वर्षे वावरते आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभीची वेबपाने स्थिर होती. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘एनसीएसए’ संस्थेत ‘सीजीआय’ ही पद्धत आकाराला आली. आता सर्व्हरवरचा प्रोग्राम प्रत्येक मागणीसाठी नवे पान लिहून देऊ लागला. पान लिहून झाले की प्रोग्राम संपे आणि त्याची सारी व्हेरिएबल्स स्मृतीतून पुसली जात. ब्राउझरच्या हाती उरे तो केवळ मजकूर.

३/ १९९५ हे वर्ष निर्णायक ठरले. मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. डिसेंबरमध्ये तिचे नाव जाहीर झाले : जावास्क्रिप्ट. ही भाषा वाचकाच्या संगणकावर, ब्राउझरमध्ये चाले. त्याच वर्षी जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी ‘पीएचपी’ची साधने सर्वांसाठी खुली केली, ती सर्व्हरवर चालत. पुढे मायक्रोसॉफ्टचे ‘एएसपी’ (१९९६) आणि सनचे ‘जेएसपी’ (१९९९) आले.

४/ आता एकाच फाइलमध्ये दोन भाषा नांदू लागल्या. एएसपीत तर दोन्हीकडे एकच भाषा वापरता येई. त्यामुळे नवशिक्याला वाटे की, वरच्या ओळीतले व्हेरिएबल खालच्या फंक्शनला सरळ देता येईल. वस्तुतः त्या दोन ओळींमध्ये काळाचे आणि स्थळाचे अंतर होते. सर्व्हरची ओळ आधी आणि दूरवर चालून संपलेली असे. ब्राउझरची ओळ नंतर जागी होई. व्हेरिएबल ‘पाठवले’ जातच नसे. त्याचे मूल्य स्क्रिप्टच्या मजकुरात छापले जाई आणि ब्राउझर त्या छापील मजकुराला नवा कोड समजून वाची.

५/ एक उदाहरण घेऊ. सर्व्हरजवळ वापरकर्त्याचे नाव आहे. पानात लिहायचे आहे : नमस्कार('…'). ठिपक्यांच्या जागी सर्व्हर नाव भरतो. ‘सावित्री’ आले तर सारे सुरळीत. पण ओ'ब्रायन या आयरिश आडनावात मूळचेच एक अवतरणचिन्ह आहे. मजकूर होतो : नमस्कार('ओ'ब्रायन'). ब्राउझरच्या मते नाव ‘ओ’पाशी संपले, पुढचे सारे त्याला आज्ञा म्हणून वाचावे लागते आणि स्क्रिप्ट कोसळते. येथे बिचाऱ्या ब्रायनचा हेतू शुद्ध होता. ज्याचा हेतू शुद्ध नाही, तो अवतरणचिन्हापुढे स्वतःची आज्ञा लिहील आणि ब्राउझर ती निमूटपणे पाळील. हाच तो ‘ध’चा ‘मा’.

६/ हा धोका सार्वजनिकरीत्या मांडला गेला तो २ फेब्रुवारी २००० रोजी. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘सर्ट’ समन्वय केंद्राने त्या दिवशी इशारापत्रक प्रसिद्ध केले. सर्व्हर परका मजकूर न तपासता पानात छापत असेल, तर त्यातली स्क्रिप्ट त्या संकेतस्थळाच्या अधिकाराने चालते, असा त्याचा आशय होता. या हल्ल्याला ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे नाव त्याच सुमारास मिळाले.

७/ पुढच्याच वर्षी, एप्रिल २००१ मध्ये, डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी मॉर्निंगस्टार यांच्या गॅरेजमधून एक संदेश पाठवला. सर्व्हरने एक छोटे वेबपान दिले. त्यात एक स्क्रिप्ट होती. ती मुख्य पानातल्या फंक्शनला हाक मारी आणि सोबतची माहिती जावास्क्रिप्टच्याच लेखनपद्धतीत त्याच्या हाती देई. सर्व्हरची माहिती फंक्शनला देण्याचा हा शुद्ध नमुना होता. आणि पहिलाच संदेश फसला!

८/ कारण मौजेचे आहे. माहितीतल्या एका रकान्याचे नाव होते ‘डू’. जावास्क्रिप्टमध्ये हा राखीव शब्द, म्हणजे आज्ञेचा शब्द. माहितीचे नाव ब्राउझरने आज्ञा म्हणून वाचले. उपाय म्हणून प्रत्येक रकान्याचे नाव अवतरणचिन्हांत लिहिण्याचा नियम ठरला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जेसन’ लेखनपद्धतीतील ती अवतरणचिन्हे या अपयशातून आली आहेत.

९/ तरीही कुंपण कच्चेच होते. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार या १९ वर्षांच्या तरुणाने मायस्पेसवरील स्वतःच्या परिचयपानात एक स्क्रिप्ट दडवली. मायस्पेसची चाळणी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळून टाकी. त्याने तो शब्द दोन ओळींत तोडला. चाळणीला तो ओळखू आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र जोडून वाचला. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक परिचयपानांत ती स्क्रिप्ट पसरली आणि संकेतस्थळ बंद ठेवावे लागले.

१०/ जेसन आले तरी अनेक जण आलेला मजकूर ‘ईव्हॅल’ या फंक्शनने वाचत. म्हणजे तो कोड म्हणून चालवत. डिसेंबर २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या पाचव्या प्रमाण आवृत्तीने ‘जेसन.पार्स’ दिले. ते मजकुराला केवळ माहिती मानते. त्यातली आज्ञा चालवत नाही. एचटीएमएल ५ ने ‘डेटा’ गुणधर्मांची सोय केली. आता मूल्य पानाच्या एखाद्या घटकावर ठेवता येते आणि स्क्रिप्ट ते स्वतः जाऊन वाचते. अर्थात ते मूल्य छापतानाही अवतरणचिन्हे सांकेतिक रूपात लिहावीच लागतात.

११/ एक बारकावा आजही पुष्कळांना चकवतो. जेसन थेट स्क्रिप्टच्या टॅगमध्ये छापले आणि त्यातल्या एखाद्या वाक्यात स्क्रिप्टचा समाप्ती-टॅग आला, तर पान तिथेच फुटते. कारण ब्राउझर आधी एचटीएमएल वाचतो आणि त्याला जावास्क्रिप्टच्या अवतरणचिन्हांचे सोयरसुतक नसते. म्हणून ‘<’ हे चिन्ह तिथे सांकेतिक रूपात लिहावे लागते. शिवाय ओळ तोडणारी दोन युनिकोड चिन्हे जेसनला मान्य, पण जावास्क्रिप्टच्या अवतरणचिन्हांत निषिद्ध होती. हा विसंवाद मिटायला २०१९ साल उजाडले.

१२/ मित्रहो, या कथेत साधने बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला : आलेला मजकूर वाचायचा आहे की पाळायचा आहे? ब्राउझरला हे आपोआप कळत नाही. पान लिहिणाऱ्याने ते स्पष्ट करून द्यावे लागते. त्याने हयगय केली, तर किंमत मोजतो तो पान उघडणारा. आणि मधे कोणते अक्षर बदलले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.