डेमोक्रॅट की रिपब्लिकन? बेळगावच्या ठाणेदारांचा पक्ष कोणता?

हुबळीच्या दुर्गदबैलात गिरमिट खाताना अमेरिकेतल्या पोरांचा विषय निघाला, की प्रश्न येतोच : ट्रम्पचा पक्ष म्हणजे आपल्याकडचा कुठला? तशी जोडी लावता येत नाही.

ट्रम्प रिपब्लिकन. चिन्ह हत्ती, रंग लाल. कमी कर, उद्योगांवर कमी बंधनं, बंदुकीचा हक्क, गर्भपाताला विरोध. डेमोक्रॅटांचं चिन्ह गाढव (तिकडं त्यात कमीपणा नाही), रंग निळा. श्रीमंतांवर जास्त कर, सरकारी आरोग्यमदत, कामगार संघटना, गर्भपाताचा हक्क याकडं त्यांचा कल. हे कायमचं मात्र नव्हे. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकनच होते. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले बरेच गोरे मतदार डेमोक्रॅटांना सोडून तिकडं गेले.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेमोक्रॅट. उमेदवारी हायकमांड देत नाही, दोन्ही पक्षांत मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी ठाणेदार त्यात तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटमधून जिंकले आणि प्रतिनिधीगृहात पोचले.

आता घरोघरचा प्रश्न, व्हिसा. बेकायदा स्थलांतरावर रिपब्लिकन कडक, डेमोक्रॅट तुलनेनं मवाळ. एच-वन-बीचं तसं सरळ नाही. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क लावलं ते ट्रम्प यांनी. पण या व्हिसाला चाप लावणारं विधेयक 2007 पासून अनेकदा मांडणारे दोघे म्हणजे रिपब्लिकन चक ग्रासली आणि डेमोक्रॅट डिक डर्बिन.