समुद्रपुष्प

समुद्रपुष्प : आंतरगुही संघातील, प्रवाळांचा जवळचा नातलग. दिसायला फूल, पण पक्का मांसाहारी; स्पर्शकांवरील दंशपेशींनी तो लहान मासे, कोळंबी पकडतो.

मुंबईत हाजीअली, जुहूचे खडकाळ किनारे निरीक्षणास उत्तम. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून तेथे किनारफेऱ्या घेतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी साधावी. पाणी ओसरले की प्राणी स्पर्शके मिटून गोळा होतो, त्यामुळे ओळख खडकांतल्या डबक्यातच पटते.

रंगावर विसंबू नये. एकाच जातीत तो बदलतो. स्पर्शकांची मांडणी, मुखाभोवतीची चकती आणि बुंध्यावरचे उंचवटे पाहावेत. मुंबईत विपुल असलेले, समुद्रपुष्पासारखे दिसणारे झोअँथिड नवख्यांना हमखास चकवतात, पण बहुतेक झोअँथिड तळाशी एकमेकांना जोडलेल्या वसाहतीत वाढतात. हॅडनचे गालिचा-समुद्रपुष्प मात्र वाळूवर पसरते आणि दाट, आखूड स्पर्शकांमुळे लगेच कळते.