मोसम : एका दर्यावर्दी शब्दाची कुळकथा

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही मृग जवळ आला की गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत जो शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो, तो मूळचा खलाशांचा आहे. तो शब्द म्हणजे 'मान्सून'.

हा शब्द इंग्रजी समजला जातो. परंतु त्याचे मूळ अरबी 'मौसिम' हे होय. 'वस्म' म्हणजे डाग, खूण. जनावराला डाग देऊन ओळख ठरवावी, तसा वर्षातील खूण करून ठेवलेला काळ तो मौसिम. जत्रेच्या व हजच्या काळालाही हाच शब्द आहे. अरब दर्यावर्दींनी तो गलबते हाकारण्याच्या काळाला लावला. नैर्ऋत्येचा वारा त्यांना हिंदुस्थानाकडे आणी आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा परत नेई. मोसम चुकला की तारू महिनोन्‌महिने बंदरात अडकून पडे. म्हणूनच पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद या जाणत्या दर्यावर्दीने 'किताब अल्-फवाइद' या ग्रंथात प्रवासाचे मोसम लिहून ठेवले.

पुढे पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि इंग्रजांच्या तोंडी तो 'मान्सून' झाला. फारसीच्या वाटेने आलेला 'मोसम' हा त्याचाच सख्खा भाऊ. उर्दूत 'मौसम' म्हणजे हवामान असाही अर्थ रूढ झाला. मराठीने मात्र 'आंब्याचा मोसम' म्हणताना ठरलेला काळ हा जुना अर्थ जपला आहे.

आपला मुलूख या वाऱ्यांना परका नव्हता. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, असे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. आजचा बीड जिल्हा या दोन नगरांच्या मधोमध येतो. येथल्या मालालाही त्याच वाऱ्याची वाट पाहावी लागत असणार.

1972 च्या दुष्काळात हा 'ठरलेला काळ' आपल्याशी कसा वागला, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मोसम चुकला तर खलाशाचे तारू अडकते, शेतकऱ्याची पेरणी वाया जाते. खलाशांनी वाऱ्यावर केवळ भरवसा ठेवला नाही. त्याच्या खुणा ओळखल्या, लिहिल्या व पुढच्या पिढीला शिकविल्या. मुलांना 'मान्सून' शिकविताना आपण एवढे अवश्य सांगावे. पावसाची नोंद ठेवणारे गाव या शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने जाणते.