गर्दीचे गणित

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि ‘चांगभलं’चा गजर यांत लाखो माणसे जमतात. एवढी माणसे मावतात कशी, असे आपण कौतुकाने विचारतो. काही विपरीत घडले तर ती किती वेळात बाहेर पडतील, हे मात्र क्वचितच विचारतो. देऊळ असो, मोठी मशीद असो की शाळेचे सभागृह, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच काढून ठेवता येते. ही विद्या कशी घडली, ते पाहू.

चेंगराचेंगरी झाली की ‘लोक घाबरून पळत सुटले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. पण २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काय घडले ते आठवा. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. उतारावर माणसे घसरून पडली आणि मागून येणाऱ्यांचा रेटा चालूच राहिला. पुढे दुकानांना आग लागली. जवळपास ३०० भाविक दगावले. अशा दुर्घटनांत बहुतेक माणसे पायदळी तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने मरतात. म्हणजे प्रश्न मनाच्या भीतीपेक्षा जागेचा आणि दाबाचा अधिक आहे.

हे ध्यानात यायला बराच काळ गेला. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावर ६६ प्रेक्षक मेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७३ साली मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली. १९७१ मध्येच अमेरिकेतील जॉन फ्रुइन यांनी पादचाऱ्यांना किती जागा लागते याचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. एका चौरस मीटरमध्ये ७ च्या आसपास माणसे दाटली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. गर्दी एखाद्या द्रवासारखी वाहू लागते, असे त्यांनी पुढे दाखवून दिले.

पण माणूस म्हणजे पाण्याचा थेंब नव्हे. तो वळतो, थांबतो, सोबतच्याला शोधतो. १९९५ मध्ये डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी प्रत्येक माणूस स्वतंत्र धरून गणित मांडले: ध्येयाकडे ओढणारे एक बल, आणि भिंतींपासून व इतरांपासून दूर ठेवणारी दुसरी बले. २००० साली हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गणिताने दाखवले की अरुंद दाराशी सगळ्यांनी घाई केली तर बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. पोत्यातून ज्वारी ओतताना दाणे तोंडाशी कमान करून अडतात, तसेच काहीसे हे. आज गर्दीची नक्कल करणारी जी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांतील अनेकांच्या मुळाशी असेच गणित असते. ‘पाथफाइंडर’ विकत घ्यावे लागते, ‘ज्युपेडसिम’ फुकट मिळते.

मग निवड कशी करायची? किंमत आणि पडद्यावरची सुबक चित्रे यांच्याआधी आम्हाला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला, आत आकडे कोणाचे आहेत? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय व जर्मन माणसांना एकामागून एक चालवून पाहिले. दाटी वाढली तरी भारतीयांचा वेग तेवढा घटला नाही. ते कमी अंतर ठेवून चालतात. म्हणून युरोपातले आकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही.

दुसरा, त्या जागेची रीत त्यात बसवता येते का? मशिदीत जमातीची नमाज संपली की ओळीच्या ओळी एकदम उठतात आणि दाराशी काढलेल्या चपला घेण्यासाठी तिथेच रेंगाळतात. देवळात दर्शनरांग आणि प्रदक्षिणा असते. ऑफिसच्या इमारतीसाठी केलेला नमुना हे आपोआप ओळखत नाही.

तिसरा, नकाशा कुठे संपतो? हज यात्रेत १२ जानेवारी २००६ रोजी मिना येथे जमरात पुलाच्या तोंडाशी ३४० हून अधिक यात्रेकरू दगावले. चित्रफितींचा अभ्यास झाला, जुन्या पुलाच्या जागी अनेक मजली नवा पूल आला, जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे झाले. तरीही २४ सप्टेंबर २०१५ रोजी पुलापासून दूर, दोन रस्ते मिळतात तिथे, त्याहून मोठी दुर्घटना घडली. सरकारी आकडा ७६९ होता. इतर मोजणींत तो २,००० च्या वर गेला. पूल सुधारला, पण पुलाकडे नेणारा रस्ताही त्याच गणितात धरावा लागतो.

या विषयाची सुरुवात मात्र संगणकाशिवाय, वर्गातही करता येते. त्या ब्रिटिश मार्गदर्शिकेच्या अलीकडच्या आवृत्तीनुसार एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे सपाटीवरून, आणि ६६ जिन्यावरून जातात. सभागृहात १,००० मुले आणि २ मीटरचे एकच दार असेल, तर मिनिटाला १६४ मुले बाहेर पडतील; सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. दारापुढे तेवढाच रुंद जिना असेल तर साडेसात मिनिटे लागतील. दाराची एक फळी कायम कडी लावून बंद असेल, तर वेळ दुप्पट.

विद्यार्थ्यांना टेप देऊन आपल्या शाळेची दारे आणि जिने मोजायला सांगा. कोणती फळी बंद असते, कोणत्या दारामागे बाके रचली आहेत, याचीही नोंद करू द्या. कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी त्याला हीच माहिती पुरवावी लागते. आणि ती बंद फळी उघडायला तर सॉफ्टवेअरची वाट पाहण्याचेही कारण नाही.